बूच काढायचं राहिलं रे

प्रिय जाड्या,

फोनवरच सांगणार होतो पण तू अर्ध्यात शिव्या घालून फोन ठेवला असतास म्हणून लिहितोय, आधी पूर्ण वाच मग काय बोलायचं ते बोल. आपल्या बोटीत पाणी भरलं. समुद्रात नाही रे, वर, वर्सोव्याला खाडीच्या कडेला टायरवर ठेवलेली असताना!

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, काकांच्या पोरांनी बोट वर ओढून घेतली, मी इंजिन काढून घरी गॅलरीत आणलं (आई अजून रोज ऐकवते त्यावरून), वरून निळी ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दोरीने टाइट आवळली आणि खूश होऊन घरी आलो. तळातलं पाणी सोडायच्या भोकाचं मागचं बूच मात्र लावलेलंच. म्हटलं भोक उघडं ठेवलं तर उंदीर शिरतील, आणि थोडंफार पाणी आलंच तर तळातलं पाणी उपसणारा तुझा बिल्ज पंप आहे की, ऑटोमॅटिक.

नंतर बसून हिशोब केला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. बोट सहा मीटर बाय दोन मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, निमुळती आहे म्हणून १० धर. १०० मिलीमीटर पाऊस पडला की झाले हजार लिटर, म्हणजे एक टन. आणि मुंबईत जुलैमध्ये १०० काय, एका रात्रीत पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडलेला, आपण छातीभर पाण्यातून घरी आलेलो ते आठव. ताडपत्रीखाली मधे बांबू नव्हता त्यामुळे तिला तुझ्यासारखं पोट सुटलं, मग एका रात्री ती फाटली आणि सगळं आत. पंप चालला असेल एखाद दिवस, पण चार्जिंग कुठे होतंय, बॅटरी बसली आणि मग तीच पाण्याखाली गेली. पाणी चढलं की पंप चालू करणाऱ्या फ्लोट स्विचखाली पानं आणि थर्माकोलचे मणी अडकलेले ते वेगळंच. उभ्या बोटीत पंपाच्या भरवशावर राहणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, माझा.

गेलो तेव्हा मागचे टायर वाळूत रुतलेले आणि बोट एका कुशीवर. काका आधी म्हणाले, वर तेल तरंगतंय ते टिपून घे, किनाऱ्यावर सोडलंस तर बघ. दोन जुने बनियन त्यातच गेले. मग पान्याने बूच फिरवलं, शेवटच्या आट्याला ते हातातून उडालं आणि काळ्या पाण्याची धार थेट पोटावर, वास असा की सडलेला जवळा बरा. एक खेकडापण बाहेर आला, माझ्याकडे बघून तिरका चालत गेला. पाऊण तासाने धार थांबली, मला वाटलं झालं, पण काकांनी बोट हलवली तर आत अजून डुबुक डुबुक. तळाच्या आडव्या पट्ट्यांना खाली बारकी भोकं असतात ना, पाणी पुढून मागे यायला, ती सगळी चिखलाने बुजलेली. तार घालून एकेक मोकळं केलं तेव्हा आणखी चार बादल्या निघाल्या.

काका म्हणाले, "पोरा, पाण्याला वाट ठेवायची असते." त्यांची जुनी लाकडी होडी खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं टिकली आणि एकाच पावसाळ्यात पोटात गोडं पाणी साठून फळ्या कुजल्या. आपली फायबरची, कुजणार नाही, पण डेकखाली फोम आहे. नाण्याने ठोकून बघितलं, पुढे टणटण वाजतं आणि मागे डावीकडे साधारण दोन हात जागेत नुसतं थपथप. तिथे पाणी मुरलंय बहुतेक.

यूट्यूबवर गोऱ्यांचे व्हिडिओ बघितले तर सगळे बर्फाने तळ फुटेल म्हणून घाबरवतात, आपल्याकडे डेंग्यूचे डास होतात ते कोण सांगणार.

आता नाळेखाली दोन टायर जास्त टाकलेत म्हणजे पाणी आपोआप मागे उतरेल, बूच काढलंय, भोकावर जाळ्याचा तुकडा बांधलाय उंदरांसाठी. मधोमध बांबू आडवा बांधून ताडपत्री छपरासारखी उतरती केली आणि दोन्ही टोकं वाऱ्याला उघडी ठेवली, नाहीतर आत बुरशी धरते. दर पावसानंतर जाऊन हात घालून बघतो. बूच इंजिनच्या किल्लीलाच दोरीने बांधलंय, कारण तू उत्साहात तशीच बोट पाण्यात ढकलशील याची मला खात्री आहे.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, कोळीवाड्यात आत्तापासूनच रंगकाम सुरू आहे. आपल्याला घाई नाही. मागचा डेक कापून ओला फोम काढावा लागेल असं मला वाटतं, काका म्हणतात आधी भोकं पाडून उन्हात ठेवून बघा, पण ऊन कुठाय? तू नारळी पौर्णिमेआधी एक शनिवार ये आणि स्वतः ठोकून बघ, मग ठरवू. बॅटरीचे पैसे मी एकटा भरतो. डेकचे अर्धे अर्धे.

तुझा,
काड्या