योनाचा राग

महोदय,

देव न्यायी असेल तर क्षमा कशी, आणि दयाळू असेल तर शिक्षा कशाला, हा पेच ख्रिस्ती श्रद्धेपुढे बाहेरच्यांनी टाकलेला नाही. तो बायबलमध्येच आहे. योना संदेष्टा चिडतो तो निनवे पापी आहे म्हणून नव्हे, तर तिथल्या लोकांच्या पश्चात्तापानंतर देवाने त्या नगराला शिक्षा न करता सोडून दिले म्हणून. मला योना जवळचा वाटतो. मला छळणाऱ्याला माफी मिळाली असे कळले, तर मीही रुसून बसेन.

अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी तोडगा मांडला : पापाची भरपाई माणसाने करायची, पण ती देवालाच शक्य, म्हणून ख्रिस्त देवही आणि माणूसही. तर्क चोख, पण जमाखर्चाच्या वहीसारखा. बायबलमधल्याच मत्तयच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या दृष्टांतातला द्राक्षमळ्याचा मालक मात्र वहीच मिटतो. दिवसभर राबलेल्याला ठरलेला दीनार, तासभर आलेल्यालाही तेवढाच. कुणाचे काही कापले नाही, तरी कुरकुर झालीच.

योनाचे पुस्तक देवाच्या प्रश्नावर थांबते : उजवा-डावा हात न कळणारी १ लाख २० हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या नगराची मी कीव करू नये काय? योनाचे उत्तर तिथे नाही.

– एक वाचक