दहा मिनिटांची चाचणी अपुरी

रविवारच्या पुरवणीतील घरगुती लेपांवरील लेखात लेप दहा मिनिटे हातावर लावून पाहण्याचा सल्ला आहे; तो फसवा आहे. ॲलर्जीची पुरळ बहुधा 48 ते 96 तासांनी उमटते. कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागी तोच लेप रोज दोनदा, किमान सात दिवस लावून पाहावा. एवढ्यानेही लिंबाच्या सालीचा धोका कळत नाही. तिच्यातील फ्युरोकुमारिन हे रसायन उन्हातील अतिनील किरणांनी चेतते. भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. बाहीखाली झाकलेली चाचणीची जागा मात्र ऊन न लागल्याने निर्दोष दिसते! राजवाडा परिसरात सुटे उटणे विकणाऱ्यांनी पुडीवर निदान घटकांची नावे लिहावीत.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, इंदूर