तलवार उपसण्याआधी म्यान करायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या गमतीजमतींचं जे सदर येतं, त्यात अमेरिकेतल्या एका बंधुमंडळाच्या तलवार कवायतीवर चार ओळी होत्या. पोट सुटलेले म्हातारे, कमरेला तलवारी आणि चेहऱ्यावर लढाईला निघाल्याचा आव, असं काहीसं वर्णन होतं. लेखकानं हसून घेतलं. वाचणाऱ्यांनीही घेतलं असेल. मला काही हसू आलं नाही. माझी सगळी नोकरी राज्य राखीव पोलीस बलात पोरांना कवायत शिकवण्यात गेली. आता हिंगोलीत असतो, सकाळी रामलीला मैदानावर फिरायला जातो आणि समोरून कुणी खांदे पाडून चाललं की अजूनही तोंडातून 'सीना बाहर' निघतं. बायको म्हणते, लोक काय म्हणतील. लोक काहीही म्हणोत, या विषयावर चार शब्द बोलायचा माझा हक्क आहे.

सदरात मंडळाचं नाव नव्हतं. पण टोपी आणि कोटाच्या वर्णनावरून ते नाइट्स ऑफ कोलंबस असणार. माझा पुतण्या टेक्सासात असतो, त्याचा शेजारी या मंडळाचा सभासद आहे. दिवाळीत पुतण्यानं मला त्यांच्या कवायतीचा व्हिडिओ पाठवला, 'काका, तुमच्या कामाची गोष्ट' असं लिहून. मग मी त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. हे मंडळ १८८२ मध्ये कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन इथं फादर मायकेल मॅकगिव्हनी या कॅथलिक धर्मगुरूंनी काढलं. कशासाठी, तर घरचा कर्ता पुरुष गेला की कामगाराची बायको-पोरं उघड्यावर पडत, त्यांना आधार म्हणून. विमा हा आजही त्यांचा मोठा कारभार आहे. तलवार आली नंतर, आणि तीही सरसकट सगळ्यांना नाही. १९०० पासून त्यांच्यात सभासदत्वाची चौथी पायरी सुरू झाली, ती चढलेल्यांनाच गणवेश आणि तलवार. आधी पिसांची टोपी आणि खांद्यावर झूल असायची. २०१७ मध्ये ती काढून निळा कोट आणि बेरे टोपी आणली, तेव्हा जुन्या मंडळींनी बरीच कुरकुर केली म्हणे. करणारच. आमच्याकडं हाफ पँट जाऊन फुल पँट आली, तेव्हाही जुने हवालदार कुरकुरलेच होते.

व्हिडिओ एका अंत्यविधीचा होता. मंडळाचा सभासद वारला की बाकीचे गणवेशात येऊन शवपेटीपाशी पहारा देतात. कुणी नळाचं काम करणारा, कुणी निवृत्त मास्तर, एक जण काठी टेकत आलेला. काठी भिंतीला लावली आणि तलवार घेऊन उभा राहिला. माझा डोळा आधी चुका शोधतो, त्याला इलाज नाही. तिसऱ्याचं ड्रेसिंग, म्हणजे रांगेची सरळ रेघ, चुकलेलं होतं, एकाचं टोक बाकीच्यांपेक्षा वीतभर खाली. पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा मागं नेऊन पाहिली. शेवटच्या हुकमावर सगळ्यांनी तलवारी म्यान केल्या, आणि एकाचंही टोक म्यानाच्या तोंडाशी चाचपडलं नाही. याची किंमत ज्यानं कधी किर्च, म्हणजे परेडची तलवार, हातात धरली त्यालाच कळेल.

वाचकांना सांगतो, कारण परेड टीव्हीवर सगळे पाहतात, पण आत काय चालतं ते दिसत नाही. 'निकाल किर्च', म्हणजे तलवार उपसणं, सोपं असतं. डावा हात म्यान धरतो, उजवा हात पोटावरून जाऊन मूठ पकडतो, पातं थोडं वर येतं, थांबायचं, मग एका झटक्यात बाहेर आणि मूठ तोंडासमोर. लोकांना हेच आवडतं. खणकन आवाज येतो, फोटो निघतो. सलामीही जमते. मूठ हनुवटीजवळ, पातं सरळ आभाळाकडं, मग हात उजवीकडं खाली आणि टोक जमिनीपासून फूटभर वर. पावसाळ्यात मैदान ओलं असलं की नवखे टोक चिखलात रुतवतात आणि मग तोच चिखल म्यानात नेतात. असो. खरा घाम काढतं ते 'वापस किर्च', म्हणजे म्यान करणं. बत्तीस इंचांच्या आसपासचं पातं, ते उलटं फिरवून डाव्या खांद्यावरून खाली आणायचं आणि म्यानाच्या दोन बोटं जातील एवढ्या तोंडात घालायचं. मान खाली घालायची नाही. नुसती नजर टाकायची मुभा. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट म्यानाच्या तोंडाशी धरून वाट दाखवायची. घाई केली की पातं अंगठ्यावर. आणि हे सगळं पाहुणे बघत असताना, बँड थांबलेला असताना. भरती होऊन आलेले चांगले धट्टेकट्टे साहेब लोक माझ्यासमोर या एका हालचालीला रडकुंडीला आलेले आहेत. म्हणून मी शिकवताना सुरुवातच 'वापस'नं करायचो. उपसलेली तलवार हातात देऊन सांगायचो, आधी ही आत घालून दाखवा, मग बाहेर काढायचं बघू.

सॅम ब्राउन पट्टा सगळ्यांना माहीत आहे. फौजदाराच्या खांद्यावरून तिरका येतो तो. तो कशाकरता निघाला हे मात्र पुष्कळ पोलिसांनाही ठाऊक नसतं. सॅम ब्राउन हा इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतला घोडदळाचा अधिकारी. १८५८ मध्ये उत्तर प्रदेशात पिलिभीतकडच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. डावा हात नाही म्हणजे म्यान धरणार कोण? एका हातानं तलवार उपसायला गेलं की म्यानही सोबत वर येतं. म्हणून त्यानं कमरेच्या पट्ट्याला खांद्यावरचा पट्टा जोडून म्यान जागच्या जागी राहील अशी सोय केली. हात गमावलेल्या माणसाची ती सोय पुढं दोन हात शाबूत असलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश झाली. मला ही हकीकत फार आवडते. वर्गात सांगितली की पोरं पट्टा जरा नीट बांधायची.

अशी बंधुमंडळं तिकडं आणखीही आहेत. फ्रीमेसन लोकांच्या सभेत दाराबाहेर एक जण उपसलेली तलवार घेऊन उभा असतो, आणि त्यांच्यातल्या नाइट्स टेम्पलर शाखेच्या तर कवायतीच्या स्पर्धा होतात. हे आपल्याला अगदीच परकं समजू नका. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच हैदराबादेत गोशामहल बारादरीत या फ्रीमेसन मंडळींची बैठक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीत हे चालत होतं.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? आमच्या हिंगोलीहून नांदेड किती लांब? सचखंड हजूर साहिबला दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंग सिंगांच्या, म्हणजे शिखांमधल्या शस्त्रधारी पंथाच्या लोकांच्या, हातात उघड्या तलवारी असतात. गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रं तिथं जपलेली आहेत. दिवाळीआधी तख्त स्नानाच्या वेळी ती बाहेर काढून गोदावरीच्या पाण्यानं धुतात, पुसतात, पुन्हा जागी ठेवतात. गतका, म्हणजे शिखांची शस्त्रविद्या, शिकणारी लेकरं तिथं आधी लाकडी सोटी आणि फरीवर, म्हणजे छोट्या ढालीवर, हात बसवतात, पातं नंतर. कुणी कितीही हट्ट केला तरी क्रम तोच. मी स्वतः बंदोबस्ताला असताना उन्हात तासन् तास उभं राहून हे पाहिलं आहे, आणि उस्ताद म्हणून त्यांच्या वस्तादांना मनातून सलाम केला आहे. आपल्या लग्नातही नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. आमची आजी म्हणायची, दृष्ट लागू नये म्हणून. असेल. पण मांडवात दोनशे माणसांच्या गर्दीत टोक झाकलेलं असतं, हे मला जास्त पटतं.

मग आपल्याकडं बिघडलं कुठं? संपादक महोदय, आपल्याच पेपरात आठवड्या-दोन आठवड्यांनी एक बातमी असते: 'तलवारीने केक कापणे पडले महागात.' खाली ठरलेला मजकूर. भाईचा वाढदिवस, चौकात मोटारसायकलच्या सीटवर केक, हातात तलवार, रील व्हायरल, आणि मग भारतीय शस्त्र अधिनियम कलम ४/२५ खाली गुन्हा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्राच्या नियमात येतं. सणावाराच्या तोंडावर जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम काढतात, त्यात तलवारी, भाले, लाठ्या सगळं आलं. हे हुकूम आपल्या पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात आणि केकची बातमी पहिल्या पानावर, फोटोसकट. कृपा करून तो फोटो छापू नका. तोच तर त्यांना हवा असतो. पुढचा भाई त्याच फोटोला बघून त्याहून लांब तलवार मागवतो.

मिरवणुकांचं मी जपून बोलतो, कारण शिवजयंती मलाही प्यारी आहे. मर्दानी खेळ टिकले पाहिजेत. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. जी पथकं वस्तादाच्या हाताखाली वर्षभर तालीम करतात, ती बघताना अंगावर काटा येतो. बोलतो ते दुसऱ्यांबद्दल, आठ दिवस आधी जमतात त्यांच्याबद्दल. आमच्या भागातल्या एका मंडळानं, नाव घेत नाही, गेल्या खेपेस भाड्यानं तलवारी आणल्या. सकाळी एक पोरगा मला दाखवायला घेऊन आला. क्रोमचा मुलामा, मुठीवर वाघाचं तोंड, बघायला झकास. मी मूठ धरून जरा हिसडली तर पातं आत खुळखुळ वाजलं. मूठ उघडून पाहिली. चांगल्या तलवारीचं पातं निमुळतं होत पुरतं मुठीच्या आतपर्यंत जातं. हिच्या पात्याला मागं सळईचा तुकडा वेल्डिंग करून चिकटवलेला, शेवटी एक नट, तोही ढिला. शोभेच्या तलवारी अशाच असतात, भिंतीवर टांगायला. ती कुणी डोक्यावरून गरगरा फिरवली तर हातात वाघाचं तोंड राहणार आणि पातं जाणार बायाबापड्यांच्या गर्दीत.

मी म्हणालो, "बापू, ही घेऊन नाचू नको."
तो म्हणाला, "काका, डीजे लागला की सगळेच फिरवतेत."
"म्यान कुठंय हिचं?"
"म्यानाचं भाडं येगळं सांगितलं, म्हणून नाही घेतलं."

त्या मिरवणुकीत पातं निखळलं नाही, पण शेजारच्या पोराच्या कोपराला लागलं आणि टाके पडले. म्यान आणलंच नव्हतं. म्हणजे एकदा हातात आली ती तलवार रात्री बारापर्यंत उघडीच. टेकवायची कुठं, पाणी पिताना धरायची कशी, लहान लेकरू कडेवर आलं तर करायचं काय, याचा विचार कुणी केलेला नव्हता. त्या टेक्सासच्या म्हाताऱ्यांनी केलेला आहे. त्यांच्यात हुकूम देणारा एकच असतो. त्यानं सांगितल्याशिवाय पातं बाहेर येत नाही, त्यानं सांगितलं की आत जातं, आणि एकमेकांत हातभर अंतर असतं. पोट सुटलेलं असेना का.

म्हणून मंडळांना माझी सूचना अशी, की तलवारी हौसेनं वापरायच्याच असतील तर परवानगी आधी काढा, ठाण्यात जाऊन, लेखी. पात्याला धार नको, मूठ उघडून तपासलेली हवी, आणि म्यानाशिवाय एकही तलवार घेऊ नका, भाडं वेगळं पडलं तरी. मंडळात एकच माणूस हुकूम देणारा ठरवा, अध्यक्षाचा मेव्हणा नको, ज्याला शिकवता येतं तो. आणि त्या दिवशी ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला रांगेतून बाहेर काढण्याचा अधिकार त्याच्याकडं असू द्या. आमच्याकडं हा अधिकार हवालदाराला होता आणि तो वापरला जायचा.

माजी सैनिकांच्या आणि निवृत्त पोलिसांच्या संघटना जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांच्या सभेत पेन्शन आणि पुढची सभा कधी यापलीकडं विषय जात नाही, मीही त्यातलाच एक. त्यांनी अमेरिकेतल्या त्या मंडळासारखं आपल्या माणसाच्या अखेरच्या निरोपाला गणवेशात चार जण उभे करायला काय हरकत आहे? तलवार नको, नुसतं सावधानमध्ये उभं राहिलं तरी घरच्यांना बरं वाटतं. गेल्या वर्षी आमच्या बॅचचा एक जण गेला, तेव्हा स्मशानात आम्ही सगळे पांगून झाडाखाली मोबाईल बघत उभे होतो.

पावसाळा सरला की दसऱ्याआधी रोज सकाळी सहा ते सात मी रामलीला मैदानाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात कवायत घेणार आहे. पैसे लागत नाहीत. पोरींनीही यावं, त्यांची मान लवकर सरळ होते असा माझा अनुभव आहे. पायात बूट पाहिजेत, चप्पल चालणार नाही. तलवार आणू नये. दोन हात लांबीची सरळ काठी आणि ती जाईल एवढा प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा पुरे. कमरेला बांधायला सुतळी मी देईन.

आपला,
एक निवृत्त कवायत निदेशक, हिंगोली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)