व्हेन बेटावरचं एक खोटं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

लुंडला तुझी परीक्षा चालू होती तेव्हा मी एकटा स्वीडनच्या व्हेन बेटावर जाऊन आलो. पायीच फिरलो म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. लांड्स्क्रोनाहून अर्ध्या तासात बोट लागली आणि पाहतो तर भाड्याच्या पिवळ्या सायकलींची रांग! तू गुडघ्याबद्दल बजावलेलं सगळं मी विसरलो. बंदरापासूनचा चढ मात्र सायकल हातात धरून चढलो.

बेट जेमतेम साडेसात चौरस किलोमीटर, आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढं. सगळी शेतं, आणि कडेला थेट समुद्रात ढासळणारे मातीचे कडे. एकीकडे स्वीडन, दुसरीकडे डेन्मार्क. १५७६ साली डेन्मार्कच्या राजाने हे बेट टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाला देऊन टाकलं. त्याने इथे युरानिबोर्ग नावाचा वाडा बांधला आणि आकाश मोजायला घेतलं. तेव्हा दुर्बीण नव्हती. नुसता डोळा आणि मोठमोठी कोनमापक यंत्रं.

मी जन्म काढला मोजणी खात्यात, त्यामुळे एका ठिकाणी पाय निघेना. वाऱ्याने यंत्रं हलतात म्हणून या गड्याने १५८४ मध्ये वाड्याशेजारीच जमीन खणून यंत्रं खाली बसवली. आम्ही माळावर तिपाई थरथरायला लागली की वाऱ्याला शिव्या घालायचो, नाहीतर चहा मागवायचो! टायकोचं माप कोनाच्या एक-दोन मिनिटांपलीकडे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सहसा चुकत नसे. पुढे केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं मंगळाच्या कक्षेचं गणित आठ मिनिटांनी जुळेना, तेव्हा त्याने टायकोच्या नोंदींवर विश्वास ठेवला आणि ग्रह वर्तुळात फिरतात ही समजूतच मोडीत काढली.

पण हे सगळं उभं राहिलं गावच्या वेठीवर. प्रत्येक शेतघरामागे आठवड्याला दोन दिवस. गावकऱ्यांनी राजाकडे तक्रारीही केल्या. १५९७ मध्ये टायको बेट सोडून गेला आणि पुढे वाडाही पाडला गेला. आता तिथे बाग आहे, मातीचे बांध आहेत. त्या बांधांवरून चालताना माझ्या मनात टायकोपेक्षा ते खणणारेच जास्त होते. आपल्या आजोबांच्या तोंडून वेठीच्या गोष्टी ऐकल्यात ना, म्हणून असेल.

शेवटची बोट चुकेल म्हणून निघालो. उतारावर सायकल जरा जोरात सोडली, हेही लिहून टाकतो.

गुडघा बरा आहे. तुझी आई रोज तेल चोळते. तिला वाटतंय, विमानात आखडला.

तुझा,
बाबा