पहिल्या सेशनला जाण्याआधी

ठाणे,
रविवार रात्र

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू कसंबसं सांगितलंस की मनाच्या त्रासासाठी एका मॅडमची शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ घेतली आहे, आणि मी काही विचारायच्या आत कांद्याच्या भावावर घसरलास. नाशिककराला ते सोपंच असतं. मीही मग कांद्यावर बोलत बसलो. पण तुझा स्वभाव मला पाचवीपासून माहीत आहे. तू तिथे जाशील, हाताची घडी घालून बसशील, दहा मिनिटांत त्या मॅडमना मनातल्या मनात नापास करशील आणि वहिनींना येऊन सांगशील, "जाऊन आलो, काही दम नाही." म्हणून हे पत्र. मी स्वतः बरेच महिने असा समोर बसलो आहे, तेव्हा जे दिसलं ते सांगतो. सगळंच तुला लागू पडेल असं नाही.

आधी एक. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, "मग मी काय नाटक करतोय का" असं जे तू म्हणालास ते डोक्यातून काढ. कंपनीच्या गेटवर छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आता संपलंच असं वाटतं, हे सगळं शरीरात खरंच होत असतं. तिथे संकट नसतं, पण शरीर संकटाची तयारी करून मोकळं होतं. तुमच्या डॉक्टरांनी आधी हृदय आणि थायरॉइड बघून घेतलं ते योग्यच केलं, कारण थायरॉइड जास्त काम करू लागलं तरी अशीच धडधड होते. ते रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ने. मेडिकलवाल्याच्या ओळखीने झोपेची गोळी आणत असशील तर तीही सांग.

आता तू जातो आहेस त्या नेमक्या कोण? फोनवर तू "डॉक्टर" म्हणालास. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते गोळ्या लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे सहसा एम.फिल. केलेले आणि दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेले. ते गोळ्या देत नाहीत, बोलून उपचार करतात. काउन्सेलर या पाटीखाली मात्र उत्तम एम.ए. केलेली माणसंही बसतात आणि चार रविवारचा कोर्स करून आलेलीही. तेव्हा उद्या-परवा फोन कर आणि विचार: शिक्षण काय, नोंदणी आहे का, पॅनिकचे, म्हणजे तुझ्यासारख्या अचानक भीतीच्या झटक्यांचे, पेशंट बघता का, फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे लागतात का. यात उद्धटपणा काही नाही. कंपनीत पन्नास हजारांचा पंप घेताना तू व्हेंडरचा जीव घेतोस, इथे का लाजतोस?

फीचं म्हणशील तर माझ्या ओळखीतल्या लोकांनी एका सेशनला आठशेपासून अडीच हजारांपर्यंत मोजले आहेत. पाऊण ते एक तास मिळतो. आठवड्याला एक धरलंस तर महिन्याचा आकडा बरा मोठा होतो, तो आधीच वहिनींबरोबर बसून काढ. परवडत नसेल तर तसं मॅडमना सांग. बरेच जण फी कमी करतात किंवा पंधरवड्याने बोलावतात. मेडिक्लेमवर फार विसंबू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलं आहे खरं, पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झालास तरच पैसे देतात, आणि हे सगळं ओपीडीत मोडतं. तरी पावती घेत जा.

पहिल्या सेशनमध्ये उपचार असा फारसा होतच नाही. माहिती घेतात. घरात कोण, कामाचे तास, झोप, भूक, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, दारू किती. दारूचा आकडा खरा सांग. "कधीतरी" हे उत्तर त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं. काका गेल्याचंही विचारतील, आणि तू "वय झालं होतं, सुटले" म्हणून पुढे जायला बघशील. जा हवं तर. तो विषय त्या परत काढतील.

कदाचित एखादा कागद भरायला देतील. पीएचक्यू-९ नावाचा एक असतो: गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. चिंतेसाठी तसाच सात प्रश्नांचा जीएडी-७. त्यात पास-नापास नसतं. दोन महिन्यांनी पुन्हा भरून फरक बघायला तो उपयोगी पडतो. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तोंडीही विचारतील, आडपडदा न ठेवता. दचकू नकोस. विचारल्याने तसा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आणि मनात आलेला असेल तर तो बोलून टाकायला त्याहून चांगली जागा नाही.

आता मुख्य गोष्ट. तू दुसऱ्या-तिसऱ्या वेळी विचारशीलच, "मॅडम, मी नोकरी सोडू का?" आणि त्या विचारतील, "सोडली तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" तुझं टाळकं सरकेल. एवढे पैसे मोजून माझाच प्रश्न माझ्या पदरात! मलाही तो राग आला होता, आणि सांगतो, चांगलाच आला होता. पण सल्ला देणाऱ्यांची आपल्याला टंचाई आहे का? तुझे मामा, तुमच्या सोसायटीचे चेअरमन, मी, सगळ्यांनी तुला सांगून झालं आहे की सोड किंवा सोडू नकोस. त्याने तुझी एक रात्र तरी नीट झोपेची गेली का? त्या मॅडम तुला हो किंवा नाही सांगणार नाहीत, कारण मग सोडली तरी त्यांची जबाबदारी, राहिलास तरी त्यांची, आणि तू होतास तिथेच.

फक्त तो राग घरी घेऊन येऊ नकोस. तिथेच बोल. "मला हे फुकट चाललंय असं वाटतंय", "तुम्ही काल माझं ऐकत नव्हता असं वाटलं", "हा विषय मला नको", असं स्पष्ट. चांगला थेरपिस्ट याने दुखावत नाही, सावरून बसतो. एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलं होतं की उपचार करणारा आणि घेणारा यांचं जमणं तीन गोष्टींवर असतं: कशासाठी आलोय यावर एकमत, काय करायचं यावर एकमत आणि एकमेकांवरचा विश्वास. त्यातल्या पहिल्या दोन तर तू तोंड उघडल्याशिवाय होणारच नाहीत. तू गप्प राहून मान डोलावशील ही मला खरी भीती आहे, कारण आपण शाळेत तेच शिकलो.

पॅनिकसाठी त्या बहुधा सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या उपचाराच्या, वाटेने जातील. आरन बेक या अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिस्टने १९६० च्या दशकात ती पद्धत उभी केली. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमाराला, अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने आरईबीटी ही तशीच विवेकावर आधारलेली पद्धत सुरू केली होती, आणि ती आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी रुजवली. दोन्हींचा गाभा तुझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्याला पटेल असा आहे: घटना, तिच्याबद्दल मनात आलेला समज आणि मग झालेला परिणाम, हे तीन वेगळे काढून बघायचे. गेटवर धडधडलं, ही घटना. "अटॅक येतोय", हा समज. त्याने धडधड आणखी वाढते आणि तू गाडी वळवून घरी येतोस. घरी आलं की बरं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी गेट आणखी भीतिदायक होतं. हे चक्र त्या तुझ्याकडून कागदावर उतरवून घेतील. मग एक विचित्र प्रकार करायला लावतील अशी शक्यता आहे: तिथेच बसून मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायचा, किंवा जिना भराभर चढायचा, म्हणजे मुद्दाम तीच धडधड आणायची आणि पळून न जाता ती आपोआप उतरते हे बघायचं. तुझं हृदय तपासून झालेलं आहे म्हणूनच हे चालतं. ते घरी स्वतःच्या मनाने करत बसू नकोस. शिवाय गृहपाठ असतो. गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि संध्याकाळी घेऊन आलो असं हे काम नाही, मधल्या सहा दिवसांत वही भरावी लागते. तू वही भरणार नाहीस हे मला माहीत आहे. निदान मोबाइलवर दोन ओळी टाक.

बाहेर कुणाला कळेल का, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या डोक्यात तेच असणार. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ही माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एचआरला नाही, मामांना नाही, तुझ्या संमतीशिवाय वहिनींनाही नाही. अपवाद आहेत: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, कोर्टाने मागितलं, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर त्यांना सांगावं लागतं. हे त्या सुरुवातीलाच सांगतील. नाही सांगितलं तर विचार. वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटू शकतं, नाशिक काही एवढं मोठं नाही. पण तोही तिथेच बसलेला असेल ना!

सेशननंतर लगेच कामाचा कॉल ठेवू नकोस. माणूस थकतो. काही वेळा आठवडाभर आधीपेक्षा वाईट वाटतं, झाकलेलं वर येतं म्हणून. वहिनींना आधीच सांगून ठेव की "काय बोललात?" असं दारातच विचारू नका. त्या काळजीने विचारतील, तू खेकसशील, आणि भांडण भलत्याच गोष्टीवर होईल.

तीन-चार सेशन दे, मग ठरव. जमत नसेल तर तसं सांगून बदल, त्याच दुसरं नाव सुचवतील. पण काही गोष्टी दिसल्या तर चौथ्याची वाट बघू नकोस. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो होतो (नाव नको) त्यांनी अर्धा वेळ स्वतःच्या घटस्फोटाचं सांगितलं आणि उरलेल्या वेळात माझी रास विचारली. कुणी वीस सेशनचे पैसे आगाऊ मागत असेल, शंभर टक्के बरं करतो म्हणत असेल, स्वतः डॉक्टर नसून चालू गोळी बंद कर म्हणत असेल, तर उठून ये.

गोळ्यांसाठी त्यांनी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं तर "इतकं वाढलंय का" म्हणून घाबरू नकोस. दोन्ही बरोबर चालतं. अशा बऱ्याच गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नसतात. आणि हे लिहून ठेव: १४४१६. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मॅडमना रात्री दोनला फोन लावता येत नाही, इथे लावता येतो. मलाही लावता येतो, पण मी झोपेत काय बरळेन सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात अंबडला आमच्या एका व्हेंडरकडे यायचं आहे. दोन दिवस राहीन. वहिनींना सांग, जेवायला बाहेर काही नको, तुमच्याकडची शेवभाजी चालेल. काकूंना नमस्कार.

तुझा,
मंद्या