एका बाईचे चार वार

वाई

प्रिय अरुण,

तुमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात प्रत्येक आजाराला वेगळा वार द्यायचं तुझं वेळापत्रक मिळालं. सोमवारी मधुमेह, मंगळवारी रक्तदाब, गुरुवारी सांधेदुखी, शुक्रवारी थायरॉइड आणि पहिल्या शनिवारी पुण्याहून येणारे हृदयरोगतज्ज्ञ. फ्लेक्सवर झकास दिसेल. ट्रस्टींनाही आवडेल, देणगीदारांना दाखवायला पाच पाट्या होतात. तू मत विचारलंस म्हणून सांगते, हे छापायला टाकू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर तुझं दुसऱ्याच वाक्याला ‘अगं पण’ सुरू होतं आणि मला हे सलग सांगायचंय.

तुमच्या दवाखान्यात रोज दिसणारी साठीपुढची बाई घे. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे गेलेत, थायरॉइडची गोळी चालू आहे. तिनं कुठल्या वारी यायचं? बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण सोबत येणाऱ्या मुलाचा खाडा पुरा पडतो. ती एक वार धरेल, बहुतेक शुगरचा. बाकीचं गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे आणि मेडिकलच्या काउंटरवर उरकेल. आत्ताही तेच चाललंय. फरक एवढाच, की आता त्यावर तुमच्या ट्रस्टचा शिक्का असेल.

मागे एक मावशी आल्या होत्या. तक्रार एकच, चक्कर. मी म्हटलं, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली. ‘म्याडम, समद्या आनल्यात बघा.’ निम्म्या स्ट्रिपा कात्रीनं अशा कापलेल्या, की नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या, कधीच फेकून दिलेल्या तुकड्यावर. मी मांडत गेले. टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी, दोन कंपन्यांचं, एक तालुक्याच्या फिजिशियनचं, दुसरं कुठल्याशा शिबिरातलं. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून दोन्ही चालू. ॲम्लोडिपिन या बीपीच्याच आणखी एका गोळीनं घोट्यांवर सूज आली होती. ती सूज बघून कुणीतरी लघवीची गोळी दिली होती. त्या गोळीनं रात्री चारदा उठणं, झोप नाही, म्हणून झोपेची अर्धी गोळी. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, दुकानातून, रोज. थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी चहासोबत एकदमच, म्हणजे थायरॉइडची अंगी लागणार कशी? त्यावर थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं, म्हणजे गोळी कमी पडतेय असं, आलं म्हणून डोस वाढवलेला.

आता यातला मूर्ख कोण, सांग. कुणीच नाही. प्रत्येक चिठ्ठी वेगळी धरली तर बरोबर आहे, मीसुद्धा तेच लिहिलं असतं. पण टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक या तिघांनी मिळून मूत्रपिंड कसं बिघडतं ते आपण दोघं पाठ करून परीक्षेला बसलो होतो. मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन दोन वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. बघितलं तर वाढलेलं निघालं. उभं करून बीपी घेतलं तर धाडकन खाली येत होतं.

मी नवीन काहीच लिहिलं नाही. डायक्लोफिनॅक बंद, दोनातलं एक टेल्मिसार्टन बंद, ॲम्लोडिपिन निम्मं, लघवीची गोळी बंद, कॅल्शियम रात्री. गुडघ्याला लागेल तेव्हा पॅरासिटामॉल आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम. आठवड्यानं बीपी, पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, गोळ्या कमी केल्याची पण फी असते व्हय?’ असते म्हटलं, आणि घेतली. त्या कामाला पाऊण तास गेला होता, बाहेरच्या पेशंटांनी कंपाउंडरचं डोकं खाल्लं होतं.

अरुण, माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या गावाला पाचवा तज्ज्ञ नकोय. ही पिशवी एका टेबलावर उपडी करून घेणारा आणि त्यातलं काढून टाकायचा अधिकार असलेला एक डॉक्टर हवाय. आजार पाच असले तरी पेशंट एकाचा असला पाहिजे.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. 2005 साली जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. सिंथिया बॉइड यांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक कागदी पेशंट मांडली होती. वय 79, मधुमेह, बीपी, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार, हाडं ठिसूळ, सांधे झिजलेले. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं इमानदारीत पाळली तर बाईला बारा औषधं, दिवसाचे एकोणीस डोस, पाच वेगवेगळ्या वेळांना. शिवाय पथ्य, व्यायाम, तपासण्या आहेतच. त्या बाईनं जगायचं कधी, हे कुठल्याच मार्गदर्शक तत्त्वांत नव्हतं. कारण ती तत्त्वं ज्या चाचण्यांवर उभी असतात, त्यांतून असे गुंतागुंतीचे पेशंट बहुधा आधीच वगळलेले असतात.

तू म्हणशील, सरकारी कार्यक्रम तर आजारवारच चालतात. खरं आहे, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. 2017 मध्ये रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा आयएचसीआय हा देशपातळीवरचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. त्यानं साध्या गोष्टी शिकवल्या. सगळीकडे एकच ठरलेली उपचारपद्धत, औषधाचा साठा तुटू द्यायचा नाही, महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, कोण आलं नाही त्याची नोंद ठेवायची. यातली महिन्याच्या गोळ्यांची गोष्ट तर मी डोक्यावर घेऊन नाचेन. दहा दिवसांच्या गोळ्या देऊन मजुराला महिन्यातून तीनदा बोलावणं म्हणजे त्याला ‘गोळ्या सोड’ असं सांगणंच. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, त्यात शुगर-बीपी एकत्र विचारतात, तेही चांगलं. पण बीपीची पद्धत अधिक शुगरची पद्धत अधिक गुडघ्याची पद्धत, ही बेरीज कुणी करायची ते कुठेच लिहिलेलं नाही. ते काम तुमच्यासारख्या दवाखान्यानं अंगावर घ्यावं.

वेळेचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न. भारतात डॉक्टर एका पेशंटला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास देतो, असा हिशेब 2017 मध्ये जगभरच्या आकडेवारीवरून मांडला गेला होता. दोन मिनिटांत पिशवीची गाठसुद्धा सुटत नाही. म्हणून सगळ्यांना वेळ देऊच नकोस. तीन किंवा जास्त जुने आजार असलेल्यांची यादी कर आणि त्यांना सहा महिन्यांतून एकदा लांबलचक भेट दे. बाकी महिन्यांत नर्सनं बीपी-शुगर बघून गोळ्या द्याव्यात.

हीच रचना इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये करून पाहिली होती. ब्रिस्टलच्या ख्रिस सॅलिसबरींचा ‘थ्री-डी’ अभ्यास, 33 दवाखाने, 1546 पेशंट, 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी एकदा नर्स, फार्मासिस्ट आणि डॉक्टर मिळून अख्ख्या माणसाची तपासणी. निकाल तुला आधीच सांगून ठेवते, नाहीतर ट्रस्टींपैकी कुणीतरी तो शोधून तुझ्या तोंडावर मारेल. पेशंटचं जगणं किती सुसह्य आहे ते मोजणाऱ्या गुणांत फरक पडला नाही. आपलं ऐकून घेतलं, आपल्याला महत्त्वाचं वाटतं त्याकडे लक्ष दिलं, असं मात्र पेशंटांनी स्पष्ट जास्त सांगितलं. काहींनी याला अपयश म्हटलं. मला तसं वाटत नाही. तिथे प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर असतो, एक फाईल असते. आपल्याकडे फाईल म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या. आपली सुरुवातच इतकी खालून आहे, की दोनदा लिहिलेली एक गोळी कमी झाली तरी मिळवलं. हे माझं मत, पुरावा म्हणून पुढे करू नकोस.

वय साठ धरू नकोस हेही सांगायचं राहत होतं. स्कॉटलंडमधल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी 2012 मध्ये तपासल्या, तेव्हा गरीब वस्त्यांत एकाहून जास्त आजार जडण्याचं वय दहा ते पंधरा वर्षं अलीकडे आलेलं दिसलं. आणि शरीराचे आजार जितके जास्त तितकं मनाचं दुखणंही जास्त. आपल्याकडे ऊसतोडीहून परतलेली पंचेचाळिशीची बाई बघ, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. झोप कशी लागते, घरात कोण कोण आहे, हे पहिल्याच भेटीत विचारायचं. शुगर दोनशेऐंशी का, याचं उत्तर कधी कधी सुनेशी अबोला हेच असतं.

आणि उपास विचारायचे. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेऊन दिवसभर निर्जळी राहिलेली बाई घामाघूम होऊन पडते आणि घरचे म्हणतात देवीचं काहीतरी झालं. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की शुगर पुन्हा आभाळाला. उपास सोडा म्हटलं तर ती तुला सोडेल. त्यापेक्षा उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही ते वहीत लिहून द्यायचं. थकलेल्या, पडझड झालेल्या म्हाताऱ्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा आकडा, आठपर्यंत चालतं, सातसाठी त्यांचा जीव काढू नये. वारीला पायी जाणाऱ्यांना तीन आठवड्यांच्या गोळ्या आधीच बांधून द्यायच्या.

वही म्हणजे साधी शाळेची दोनशे पानी, पण दवाखान्याची एकच. पहिल्या पानावर चालू औषधं, कंपनीच्या नावानं नाही, मूळ नावानं, आणि कशासाठी ते मराठीत. बंद केलेली औषधंही लिहायची, का बंद केली त्यासकट, नाहीतर पुढचा डॉक्टर तीच पुन्हा चालू करतो. त्या पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना आणा की, पण त्यांनी त्याच वहीत लिहावं आणि गोळी वाढवायची असेल तर तुझ्या डॉक्टरशी बोलून. मानायला जड जाईल त्यांना. ते तू बघ, गोड बोलणं तुला पहिल्यापासून जमतं.

पैसे कुठे लागतील तेही सांगते. फ्लेक्सचे आणि उद्‌घाटनाचे वाचव, एक चांगला फार्मासिस्ट पूर्ण पगारावर ठेव. पिशवी आधी त्यानं तपासायची, दुहेरी गोळ्या शोधायच्या, मग डॉक्टर. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम जागेवर होईल एवढी लॅब हवी. ईसीजीचं मशीन आहेच तुमच्याकडे.

ट्रस्टींची बैठक पंधरा तारखेला आहे ना? त्याआधी तीन आजारांवरच्या पेशंटांची यादी रजिस्टरवरून काढून ठेव, आकडा बघितला की त्यांचं अर्धं बोलणं थांबेल. हवं तर मी रविवारी येते, दोघं बसून पहिल्या पन्नास वह्या लावू. वहिनींना सांग, जेवण साधं कर, माझीही शुगर हल्ली काठावर आहे.

तुझी,
सुधा