रविवारच्या बैठकीआधी: बारीक जीवाश्मांच्या फोटोंबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार. नागपूरच्या टाकळीसारख्या इंटरट्रॅपियन थरांतली, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळातली, चाळलेली माती रविवारी तपासायची आहे. ज्यांच्याकडे यूएसबी मायक्रोस्कोप आहे, त्यांनी लॅपटॉपसह आणावा. खोक्यावर १०००एक्स लिहिलेलं असलं तरी भुलू नका, ५० ते २०० पट पुरतं.

मागच्या फोटोंत भिंगाभोवतीच्या एलईडीची चकाकी फार होती. ते दिवे अगदी मंद करा आणि टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावली पडली की कारा शेवाळाच्या एक मिलिमीटरहून लहान फळावरचे डावीकडे वळणारे पाच पीळ लख्ख उठून दिसतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसताच बघत बसलो होतो! ऑस्ट्रॅकॉड या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी जीवाचं कवच वालाच्या दाण्यासारखं असतं, त्याचा कडेनेही फोटो हवाच. एका बाजूवरून ओळख पटवू नये.

कण ओल्या बारीक ब्रशने उचला, चिमट्याने फुटतात. खाली काळा कागद ठेवा. त्याच उंचीवर मिलिमीटर पट्टीचाही फोटो घ्या. झूम हलला की मोजमाप गेलंच. फाइलच्या नावात गाव, थर, तारीख लिहा. नुसतं ‘शंख १’ कृपया नको.